बोटं नीट दिसणारा वेबकॅम शोधताना: लॉजिटेक सी९२२ आणि बाकीची शोधाशोध

मी आणि ताई रोज रात्री व्हिडिओ कॉलवर बोलतो आणि आमचं सगळं बोलणं साईन लँग्वेजमध्ये असतं, कारण ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. त्यामुळे वेबकॅम घेताना सगळे आधी विचारतात तो प्रश्न, माईक कसा आहे, तो आमच्या कामाचाच नाही. मला एवढंच पाहिजे होतं की मी बोटांनी एखादं नाव स्पेल केलं तर ते तिला पहिल्याच वेळी वाचता यावं. ऐकायला साधं वाटतं, पण त्यासाठी एक कॅमेरा विकत घेऊन परत केला, एक मित्राकडून आणून बघितला आणि तिसरा ठेवला. तर ज्यांच्या घरात कोणी साईन करतं त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि जे कॅमेऱ्यासमोर हाताने काही शिकवतात, वाद्य, चित्र, विणकाम, त्यांनाही नेमकं हेच लागतं.

पहिला घेतला त्याच्या खोक्यावर १०८०पी होतं आणि त्याच्याच शेजारी मोठ्या अक्षरात १२ मेगापिक्सेल. आता १९२० गुणिले १०८० केलं की साधारण २० लाख ७० हजार पिक्सेल होतात, म्हणजे २ मेगापिक्सेल, फोरके सुद्धा ८ च्या आसपासच जातो, मग हे १२ कुठून आले? बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने चित्र ताणून ते आकडे येतात, सेन्सर तेवढा नसतोच. हा आकडा दिसला की सरळ पुढे जा. दिवसा खिडकीजवळ तो बरा चालायचा, पण रात्री मी हात हलवला की बोटांच्या जागी नुसता पंखा फिरल्यासारखा दिसायचा आणि ताई परत परत 'पुन्हा सांग' अशी खूण करायची. एका नावासाठी तीन तीन वेळा. जेवणाच्या वेळी बोलता बोलता हे झालं ना की माणूस बोलायचंच कमी करतो, आणि तेच मला नको होतं.

असं का होतं ते नीट समजून घेतलं तेव्हा पुढची खरेदी सोपी झाली. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० सुटी चित्रं, घेतो म्हणजे एका फ्रेमसाठी त्याला जास्तीत जास्त सेकंदाचा तिसावा भाग मिळतो. उजेड कमी पडला की ऑटो एक्सपोजर काय करतं, प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड गोळा करतं, मग ३० ऐवजी १५ फ्रेमवर येतं आणि सेकंदाच्या पंधराव्या भागात बोट कुठल्या कुठे गेलेलं असतं. चेहरा छान उजळ दिसतो, बोटं पुसली जातात. नुसतं बोलणाऱ्या माणसाला हे कळतही नाही कारण तो फारसा हलतच नाही. आयटीयू म्हणजे दूरसंचाराचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिने १९९९ मध्ये साईन लँग्वेज आणि ओठ वाचून होणाऱ्या व्हिडिओ संभाषणावर एक दस्तऐवज काढला होता, त्यातही चांगल्या संभाषणासाठी सेकंदाला किमान २० फ्रेम सांगितल्यात, आणि तेव्हा चित्र होतं ३५२ बाय २८८ चं! म्हणजे पिक्सेलपेक्षा हालचाल महत्त्वाची हे तेव्हापासून माहिती आहे, खोक्यावर मात्र कोणी लिहीत नाही.

मग मित्राचा फोरके वेबकॅम आठवडाभर आणला. चित्र सुंदर, केसन् केस दिसतो, पण कॉलवर त्याचा काही उपयोग नाही कारण कॉलची ॲप्स समोरच्याला बहुतेक वेळा ७२०पी किंवा त्याहून कमीच पाठवतात, फोरके तर नाहीच. आणि त्याचा ऑटोफोकस! हात चेहऱ्याच्या पुढे आणला की फोकस हातावर, खाली घेतला की परत चेहऱ्यावर, मधल्या वेळात सगळंच धूसर. साईनमध्ये चेहरा म्हणजे सजावट नाही, व्याकरण आहे, भुवया वर गेल्या की वाक्याचा प्रश्न होतो, त्यामुळे अर्धा सेकंद चेहरा गेला तरी अर्थ बदलतो.

शेवटी सी९२२ घेतला. नवीन मॉडेल नाही, २०१६ चं आहे, पण मला हवं ते सगळं आहे. १०८०पी ला ३० फ्रेम आणि ७२०पी ला ६० फ्रेम, ७८ अंशाचा व्ह्यू म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारा कोन, खाली ट्रायपॉडचा स्क्रू, आणि ड्रायव्हर शोधत बसायला नको, लावला की चालू. मी कायम ७२०पी वर ठेवतो. ६० फ्रेमचा पूर्ण फायदा कॉलवर मिळत नाही कारण ॲप्स साधारण ३० च्या पुढे पाठवतच नाहीत, पण रेकॉर्ड करून ताईला पाठवायचं असलं की फरक लगेच दिसतो, तिने स्वतःहून सांगितलं की हा व्हिडिओ मंद न करता वाचला.

पण खरी गंमत सेटिंगमध्ये आहे, आणि ही सेटिंग न करता कुठलाही महाग कॅमेरा घेतला तरी तेच पंखे दिसणार. विंडोजवर ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात कॅमेरा जोडून प्रॉपर्टीजमध्ये कॉन्फिगर व्हिडिओ दाबलं की कॅमेऱ्याची स्वतःची खिडकी उघडते. तिथे लो लाइट कॉम्पेन्सेशनची टिक काढायची, एक्सपोजरचं ऑटो बंद करायचं आणि स्लायडर उणे ६ वर. हे उणे आकडे विचित्र वाटतात पण अर्थ सोपा आहे, उणे ५ म्हणजे सेकंदाचा ३२ वा भाग, उणे ६ म्हणजे ६४ वा, उणे ७ म्हणजे १२८ वा, दर पायरीला वेळ निम्मा. उणे ६ ला माझी बोटं सुटी दिसायला लागली. फोकसचंही ऑटो काढून टाका, आपण जिथे बसतो तिथे एकदा हात छातीसमोर धरून फोकस जुळवला की संपलं. मॅकवर हे सगळं सिस्टीममध्ये मिळत नाही, कंपनीचं ॲप लागतं, लिनक्सवर guvcview सारखं साधन आहे त्यात सगळं असतं. कॅमेरा काढून परत लावला की एकदा तपासून घ्या, आकडे मूळ जागी गेलेले असू शकतात.

एक्सपोजर कमी केल्यावर चित्र अंधारतं हे उघड आहे, आणि म्हणून माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा आधी दिव्याचा विचार करा. मी दोन दिवे लावतो, मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना थोडे वर, कारण एकच दिवा असला की उचललेल्या हाताची सावली चेहऱ्यावर पडते. पाठीमागे खिडकी किंवा ट्यूब नको. दिवा स्वस्तातला एलईडी असेल तर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतील, ते विजेच्या लहरीमुळे, तेव्हा त्याच खिडकीत पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी ५० की ६० हे तुमच्या विजेप्रमाणे लावा, तरीही पट्टे गेले नाहीत तर दिवा बदला. दिवा बदलल्यावर ताई पहिल्यांदा म्हणाली की तुझं बोलणं आता 'स्वच्छ' आहे. मला ते फार लागलं, चांगल्या अर्थाने.

व्ह्यूबद्दल थोडं. डोक्याच्या वरपासून कमरेपर्यंत आणि दोन्ही कोपरं बाहेर काढली तरी फ्रेममध्ये राहिली पाहिजेत. ७८ अंशात साधारण एक मीटर लांब बसलं की होतं. लॉजिटेकच्याच ब्रिओ या वेबकॅममध्ये ६५, ७८ आणि ९० असे तीन पर्याय मिळतात, जागा लहान असेल तर ९० बरं पडतं, पण फार रुंद व्ह्यू घेऊन जवळ बसू नका, पुढे आणलेला हात डोक्याएवढा दिसतो.

आणि बॅकग्राउंड ब्लर कृपया बंद करा, व्हर्च्युअल बॅकग्राउंड तर अजिबात नको. ते सॉफ्टवेअर माणसाची कड शोधतं आणि पसरलेली बोटं त्याला बऱ्याचदा माणसाचा भाग वाटत नाहीत, एखादं बोट सरळ कापलं जातं, आणि साईनमध्ये एक बोट कमी झालं की अक्षर बदलतं. पाठीमागे साधी एकरंगी भिंत आणि अंगात त्वचेच्या रंगापेक्षा वेगळा, बिनडिझाइनचा शर्ट, एवढं पुरतं.

आज परत घ्यायचा असता तर मी एल्गाटोचा फेसकॅमही बघितला असता. त्याचा फोकस फिक्स आहे, १०८०पी ला ६० फ्रेम आहेत आणि माईक मुळातच नाही, म्हणजे आम्हाला न लागणारी गोष्टच त्यात नाही. फक्त तो चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता) पाठवतो, आणि त्यासाठी यूएसबी ३ चं पोर्ट लागतं. कारण साधं आहे, १०८०पी चं न दाबलेलं चित्र ३० फ्रेमलाच सेकंदाला जवळजवळ १००० मेगाबिट होतं आणि यूएसबी २ ची मर्यादा ४८०, म्हणून यूएसबी २ वरचे कॅमेरे चित्र दाबून पाठवतात. ओबीएसमध्ये फ्रेम अचानक ५ वर आल्या तर तिथला व्हिडिओ फॉरमॅट एमजेपेग, म्हणजे दाबलेल्या चित्राचा, आहे का ते बघा, आणि कॅमेरा यूएसबी हबला न लावता थेट कॉम्प्युटरला लावा, माझा अर्धा शनिवार या हबमुळे गेला होता.

फोन वेबकॅम म्हणून वापरायचा पर्यायही चांगला आहे, आयफोन असेल तर मॅकवर २०२२ पासून ती सोय आहेच, सेन्सर वेबकॅमपेक्षा मोठा त्यामुळे कमी उजेडातही बोटं टिकतात. आम्ही तो रोज वापरत नाही कारण कॉल चालू असताना फोन अडकून राहतो आणि ताई मधेच मला फोनवरचे फोटो दाखवायला सांगते.

ग्रुप कॉलचं एक सांगतो, ॲप ज्याचा आवाज येतो त्याला मोठं करतं, त्यामुळे साईन करणारा माणूस कोपऱ्यातच राहतो, कितीही चांगला कॅमेरा लावा. कॉल सुरू झाला की साईन करणाऱ्याला पिन करायला, म्हणजे स्क्रीनवर कायम मोठं ठेवायला, सगळ्यांना सांगा, आमच्या घरी आता मावशीसुद्धा आधी ताईला पिन करते मग बोलायला लागते.

ताईकडे अजून लॅपटॉपचाच कॅमेरा आहे. मागच्या रविवारी स्क्रीन शेअर करून तिच्याकडचं एक्सपोजर उणे ६ केलं, टेबल लॅम्प भिंतीकडून तिच्याकडे वळवायला लावला, आणि तिने मुद्दाम भरभर एक लांबलचक आडनाव स्पेल केलं. मला शेवटची दोन अक्षरं कळली नाहीत, तिचा लॅम्प एकच आहे आणि सावली तिथेच पडते. दुसरा लॅम्प या आठवड्यात तिच्याकडे पोचेल.