परीक्षण: हरिश्चंद्रगड परिसराचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा

गेल्या हिवाळ्यात मी हरिश्चंद्रगडाचा स्थलनिर्देशक नकाशा पहिल्यांदाच पूर्ण आकारात छापून घेतला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत तो सोबत बाळगला. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ओपन सिरीजमधले, म्हणजे सर्वांसाठी खुल्या मालिकेतले, १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून संकेतस्थळावर नोंदणी करून पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. जुन्या भटक्यांच्या तोंडी या नकाशाचा क्रमांक अजूनही ४७ ई/१५ असाच असतो. नव्या मालिकेत हाच भाग ई ४३ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाखाली येतो, त्यामुळे शोधताना क्रमांकाच्या मागे न लागता अक्षांश-रेखांशांवरून जाणे सोयीचे पडते.

एका नकाशात १५ मिनिटे अक्षांश आणि १५ मिनिटे रेखांश इतका प्रदेश मावतो. आपल्याकडे तो साधारण सव्वीस किलोमीटर रुंद आणि साडेसत्तावीस किलोमीटर उंच भरतो. जमिनीवरचा एक किलोमीटर म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर. पायथ्याची पाचनई आणि खिरेश्वर ही गावे, टोलार खिंड आणि १४२९ मीटर उंचीचे तारामती शिखर हे सगळे एकाच कागदावर मिळते. कोकणकडा, म्हणजे गडाचा पश्चिमेचा उभा कडा, मात्र डाव्या कडेपासून जेमतेम काही सेंटिमीटरवर असल्याने, कोकणातून नळीच्या वाटेने किंवा साधले घाटाने वर येणाऱ्याने शेजारचा ४७ ई/११ हा नकाशाही घ्यावा, नाहीतर कड्याखालचा कोकणचा भाग अर्ध्यातच तुटतो.

छपाईविषयी एक अनुभव सांगणे भाग आहे. पहिली प्रत मी घराजवळच्या एका दुकानात काढली आणि दुकानदाराने ‘कागदात बसवून देतो’ असे म्हणत ती किंचित लहान केली. घरी आल्यावर समासातल्या रेखाप्रमाणावर, म्हणजे किलोमीटरच्या खुणा असलेल्या छापील रेघेवर, पट्टी ठेवली, तेव्हा एक किलोमीटर दोन सेंटिमीटरऐवजी अठरा मिलिमीटर भरला. रेखाप्रमाण नकाशाबरोबरच आकसत असल्यामुळे ते खरेच राहते, पण वर छापलेले १:५०,००० हे प्रमाण त्या प्रतीवर खोटे ठरते आणि पट्टीने मोजलेले प्रत्येक अंतर दहा टक्के कमी येते. म्हणून छापताना ‘मूळ आकार’ हाच पर्याय निवडायला सांगावे आणि पैसे देण्यापूर्वी तिथेच पट्टी लावून पाहावी.

या नकाशाचे खरे मोल त्याच्या तपकिरी समोच्च रेषांत, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांत आहे. दोन लगतच्या रेषांमध्ये वीस मीटर उंचीचा फरक असतो आणि दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे एका जाड रेषेकडून दुसरीकडे गेलो की शंभर मीटर चढलो. या दोन जाड रेषांमधले अंतर चार मिलिमीटर असेल तर जमिनीवर ते दोनशे मीटर होते. दोन मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा तो चढ दम काढणारा असला तरी चालण्याजोगा असतो. तेच अंतर दोन मिलिमीटरवर आले की उतार पंचेचाळीस अंशांचा होतो आणि तिथे हात टेकवावेच लागतात. सह्याद्रीत या रेषा एकसारख्या पसरलेल्या क्वचितच दिसतात. लाव्हाचे थर एकावर एक साचून बनलेल्या या डोंगरांत कठीण बेसॉल्टचा कडा, त्यावर मऊ थराची सपाटी, पुन्हा कडा अशी पायरी असते. त्यामुळे कागदावर रेषांची दाट पट्टी, मग मोकळी जागा, मग पुन्हा दाट पट्टी असा क्रम दिसतो. एकदा हा क्रम डोळ्यांत बसला की ती मोकळी जागा म्हणजे विसाव्याचे ठिकाण हे वेगळे सांगावे लागत नाही.

सोंड (डोंगराची खाली उतरत आलेली धार) आणि घळ (दोन धारांमधली खोलगट जागा) यांत नवशिक्याची गफलत नेहमीची आहे, आणि मीही अनेक वर्षे ती केली. रेषांचे टोक चढाच्या बाजूला वळलेले असेल तर घळ, उताराच्या बाजूला वळलेले असेल तर सोंड. ओढ्याची रेघ दिसली तर खात्रीच पटते. खिंड ओळखायला याहून सोपी: दोन उंचवट्यांच्या रेषा समोरासमोर येऊन मधे कंबर आवळल्यासारखी जागा राहते. टोलार खिंडीत व्याघ्रशिल्पापाशी बसून नकाशा उघडला, तेव्हा डावी-उजवीकडचे चढ आणि पुढे-मागचे उतार कागदावरच्या त्या कंबरेशी चोख जुळले. होकायंत्र लावायचे असेल तर आपल्याकडे खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक अंशाभराहूनही कमी आहे, म्हणून पायी भटकंतीत तो सोडून दिला तरी चालतो.

खिंडीच्या वर मात्र नकाशाची मर्यादा लगेच कळते. रेलिंग लावलेला खडकाळ टप्पा ओलांडल्यावर गडावरच्या मंदिरापर्यंत लहान लहान टेकड्यांची चढ-उतार सुरू होते आणि पाय दुखवते ती नेमकी हीच. वीस मीटरपेक्षा कमी उंचीचा उंचवटा दोन रेषांच्या मधे सहज लपतो. पंधरा मीटरचा सरळ खडकही तसाच लपू शकतो. ही या प्रमाणाचीच मर्यादा आहे, तिला चूक म्हणता येणार नाही. कोकणकड्याचे तर वेगळेच आहे: तो आत वळलेला असल्याने एकाच ठिकाणी दोन उंची येतात, आणि एकमेकींवर साचलेल्या रेषांवरून त्याचा अंतर्वक्र आकार वाचणे शक्य नाही.

रंगांविषयी एवढेच सांगतो की निळा रंग म्हणजे पाणी आणि काळ्या रेघेचा ओढा म्हणजे उन्हाळ्यात कोरडा पडणारा. मे महिन्यात जाणाऱ्याने या एका भेदावर पाण्याच्या बाटल्यांची संख्या ठरवावी. समासात सर्वेक्षणाचे वर्ष छापलेले असते, ते वाचल्याशिवाय पायवाटांवर फार विसंबू नये. डोंगर जागचा हलत नाही, वाटा हलतात.

मोबाइलमधले ॲप तुम्ही कुठे उभे आहात ते अचूक दाखवते आणि मीही ते वापरतो, परंतु हाताएवढ्या पडद्यावर गड, खिंड आणि पायथा एकत्र दिसत नाहीत. नकाशा टेबलावर पसरून आदल्या रात्री तासभर पाहणाऱ्याला तो विनामूल्य असूनही महाग वाटावा इतके देतो. दोन्ही नकाशे जाड कागदावर छापून कडेला चिकटवून घ्यावेत आणि घडी घालताना जरा विचार करावा: माझ्या प्रतीची घडी टोलार खिंडीवरूनच गेली आहे आणि तिसऱ्या फेरीपर्यंत तिथल्या रेषा पार पुसट झाल्या.