चोर बोका आणि त्याची यमके

मांजरांवरची यमकबद्ध चित्रपुस्तके लहान मुलांसाठी पुष्कळ निघतात. परंतु रोज रात्री तेच पुस्तक पुन्हा वाचण्याची पाळी आली की त्यांतली बहुतेक आठवड्याभरात नकोशी होतात, आणि हा कंटाळा ऐकणाऱ्या मुलाला नव्हे, तर वाचणाऱ्या मोठ्या माणसाला येतो. न्यूझीलंडच्या लेखिका व चित्रकार लिन्ली डॉड यांचे १९९० साली प्रसिद्ध झालेले ‘स्लिंकी मालिंकी’ हे इंग्रजी पुस्तक या कसोटीला उतरते. त्याचे श्रेय मी गोष्टीपेक्षा तिच्या पद्याला देईन.

गोष्ट तशी एवढीशीच आहे. काळाकुळकुळीत, पिवळ्या डोळ्यांचा आणि शेपटीच्या टोकाला बाक असलेला हा बोका दिवसा पानांमागे धावतो, उन्हात लोळतो आणि सर्वांशी गोडीगुलाबीने वागतो. रात्र पडली की मात्र तो कुंपणे आणि भिंती ओलांडून मिळेल ती वस्तू लांबवतो. एके रात्री जमवलेला ऐवज धडाधड कोसळतो, घरातली माणसे जागी होतात आणि चोर मुद्देमालासह सापडतो.

हे पद्य एका ठाशीव आघातामागे दोन हलके उच्चार अशा चालीने पुढे जाते. आपल्या कानाला मात्रांची सवय असते. आपण लघु-गुरू मोजतो, तर इंग्रजी पद्य आघात मोजते, आणि त्यामुळे मराठी वाचक पहिल्यांदा सगळी अक्षरे सारख्याच वजनाने उच्चारतो व ओळ रखडते. मुलासमोर बसण्यापूर्वी पुस्तक एकदा एकट्यानेच मोठ्याने वाचावे, म्हणजे आघातांच्या जागा सापडतात आणि पुढचे काम सोपे होते. यमकांची योजनाही विचारपूर्वक केलेली आहे. हा बोका रात्री करतो तरी काय, असा प्रश्न आधी टाकून ‘थीफ’ हा शब्द लेखिकेने कडव्याच्या अगदी शेवटी, ‘ब्रीफ’च्या जोडीला ठेवला आहे, त्यामुळे चार-पाच वाचनांनंतर वाचणाऱ्याने तिथे नुसते थांबावे आणि तो शब्द मुलाने ओरडून पुरा करावा, असे आपोआप घडू लागते.

मराठीतल्या अशा अनेक पुस्तकांचे घोडे नेमके इथेच अडते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ‘आला–गेला’, ‘पळते–वळते’ अशी यमके फुकट मिळतात, आणि फुकट मिळालेल्या यमकात पुढे काय येणार याची उत्सुकता उरत नाही. ‘बोका’ला ‘धोका’ जुळवणारा निदान नामाला नाम भिडवतो. परंतु ती जोडीही आता वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे.

या प्रकारात ज्याचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, ते डॉ. स्यूस यांचे १९५७ सालचे ‘द कॅट इन द हॅट’ वेगळ्या गरजेतून लिहिलेले आहे. स्वतः वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी त्याची भाषा केवळ २३६ वेगवेगळ्या शब्दांत बसवलेली आहे, आणि ती कसरत थक्क करणारी आहे. पण त्यातले मांजर टोपी घालून आलेला एक वात्रट पाहुणा आहे. डॉड यांचा बोका मांजरासारखाच दबकतो, चढतो आणि पळवतो. खरी मांजरेही कधीकधी शेजारच्या वस्तू तोंडात धरून घरी आणतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट फारशी अतिशयोक्त वाटणार नाही. शिवाय डॉड शब्दांची काटकसर करीत नाहीत. पुस्तक ऐकण्यासाठी असल्यामुळे अवघड शब्द नादाच्या बळावर खपून जातो आणि अर्थ चित्रातून कळतो.

शेवट मात्र मला तितकासा रुचला नाही. बोक्याला उपरती होते आणि तो पुन्हा चोरीच्या वाटेला जात नाही. कोणी मोठे माणूस उपदेश करीत नाही, तो फजितीनेच वरमतो, एवढी सवलत देऊनही इतक्या रंगलेल्या चोराला एका रात्रीत सज्जन करणे थोडे घाईचे वाटते.

याच बोक्याचे १९९३ सालचे ‘स्लिंकी मालिंकी, ओपन द डोअर’ गोष्टीच्या दृष्टीने अधिकच किरकोळ आहे. एकामागून एक दारे उघडणे आणि पसारा करणे यापलीकडे त्यात फारसे काही नाही. तरीही अगदी लहान मुलांना, कदाचित त्या पुनरावृत्तीमुळेच, ते अधिक आवडू शकेल. दुसरे पुस्तक घ्यायचे असल्यास मी २००१ सालचे ‘स्कारफेस क्लॉ’ सुचवीन. त्यात गावातला सर्वांत दांडगट बोका कशाकशाला भीत नाही, याची लांबलचक यादी येते, आणि अखेरीस तो घाबरतो ते आरशात दिसलेल्या स्वतःच्याच तोंडाला.