पहिली भूशास्त्र सहल : लोणार की निघोज?

मुलांना दगड वाचायची गोडी लावायची आहे आणि हिवाळ्यात एकच सहल जमणार आहे, असं म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी आधी लोणार येतं. साहजिकच आहे. बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, उल्काघातानं झालेलं आणि इतकं नीट टिकलेलं विवर जगात विरळाच. त्या मानानं निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे, म्हणजे खडकात रांजणासारखे कोरले गेलेले खड्डे, लोक मळगंगा देवीच्या दर्शनाला जोडून उरकतात. मी दोन्हीकडे मुलांना घेऊन गेलो आहे. माझं मत निघोजकडे झुकतं, पण त्याआधी लोणारची बाजू नीट मांडायला हवी.

लोणारला पाहण्यासारखं खूप आहे. काठावरून सगळं विवर एका नजरेत मावतं, खाली उतरताना झाडी दाट होत जाते, तळ्याचं पाणी खारं आणि अल्कधर्मी. 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, ही गोष्ट मुलांना फार आवडते. गावात दैत्यसूदनाचं मंदिर आहे. ज्यांना पक्षी, शिल्पं आणि मुक्काम असं सगळं हवं, त्यांनी बहुधा लोणारलाच जावं.

पण एक गोष्ट मला तिथं दरवेळी खटकते. कुणीतरी विचारतंच, “सर, उल्काच पडली कशावरून?” आणि हाच प्रश्न विचारायला मी त्यांना शिकवलेलं असतं. आजूबाजूचा सगळा खडक लाव्हाचा, म्हणून हे विवरही ज्वालामुखीचंच असावं असं अनेक जाणकार दीर्घकाळ मानत होते. उत्तर पक्कं झालं ते तळाखाली बोअर घेऊन काढलेल्या नमुन्यांमुळे. प्रचंड आघातानं खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाची काच होते, तिला मास्केलिनाइट म्हणतात. ती तिथं सापडल्याचं 1973 साली प्रसिद्ध झालं. ही काच ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतो. काठावरच्या मुलानं माझा शब्द प्रमाण मानायचा, एवढंच उरतं. विवराच्या भिंतीत लाव्हाचे थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, हा डोळ्यांना दिसणारा पुरावा खरा. पण ते थर एरवी आडवे असतात हे ज्यानं सह्याद्रीत आधी पाहिलंय, त्यालाच तो दिसतो. वयाचंही तेच. एका पद्धतीनं सुमारे 52 हजार वर्षं, दुसरीनं सुमारे 5 लाख 70 हजार. मला स्वतःला हा वाद अतिशय रंजक वाटतो, पण पहिल्याच सहलीत तो मुलांच्या डोक्यावरून जातो.

निघोजला “कशावरून?” विचारलं की मी कोरड्या रांजणाच्या तळाकडे बोट दाखवतो. तिथं गोटे पडलेले असतात, गोल झालेले. पावसाळ्यात पुराचं पाणी भोवऱ्यात फिरतं, सोबत हे गोटे फिरतात आणि जात्यासारखा खडक दळला जातो. सुरुवात एखाद्या भेगेपासून किंवा लहानशा खोलगट जागेपासून होते. बशीएवढा खळगा, शेजारी माणूस मावेल असा, पुढे दोघांमधली भिंत झिजून एकत्र झालेले: सगळे टप्पे एकाच आवारात दिसतात. मुलं भिंतीवरून हात फिरवतात, गुळगुळीतपणा कुठे संपतो ते शोधतात आणि नदीची घळ अशीच खोल झाली असेल का, हे मी न सांगता विचारतात. तो प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. शिवाय पुण्याहून सकाळी निघालं की संध्याकाळी परत येता येतं.

निघोजला धोका आहे, तो लपवायला नको. पाण्याजवळचा खडक घसरडा असतो आणि भरलेल्या रांजणाची खोली वरून कळत नाही. पावसाळ्यात जाऊच नका. पाणी ओसरल्यावर, साधारण डिसेंबरनंतर जा. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच आणि कडेला उभं राहून फोटो काढणं बंद. एवढी देखरेख जमणार नसेल तर लोणार बरं. तिथं काठावर मुलं सांभाळणं माझ्या अनुभवात सोपं गेलं.

जमणार असेल तर यंदा निघोज करा. मग एखाद्या घाटात थांबून लाव्हाचे आडवे थर दाखवा आणि लोणार त्यानंतर ठेवा. तेव्हा कललेले थर मुलं स्वतःच ओळखतील.