स्वदेशी अणुभट्ट्यांची मालिका की आयात?
अणुउद्योग टिकवायचा तर कारखान्यांना सलग काम हवे, आणि या कसोटीवर 2017 साली केंद्र सरकारने एकदम मंजूर केलेल्या 700 मेगावॅटच्या 10 स्वदेशी अणुभट्ट्या जैतापूरच्या फ्रेंच प्रकल्पापेक्षा उजव्या ठरतात. जैतापूरचा आकडा डोळे दिपवणारा आहे, प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या 6 अणुभट्ट्या. वर्षे मात्र वाटाघाटींतच सरली. आयातीने काहीच साधत नाही असे नव्हे, कारण कुडनकुळमच्या रशियन अणुभट्ट्या वीज देत आहेतच. पण लार्सन अँड टुब्रोच्या ज्या हजिरा कारखान्यात स्वदेशी अणुभट्ट्यांची बाष्पजनित्रे (अणुभट्टीच्या उष्णतेने पाण्याची वाफ करणारी यंत्रे) घडतात, तिथेच अरिहंत या आण्विक पाणबुडीच्या सांगाड्याचे भागही घडले. जाड पोलादाचे निर्दोष वेल्डिंग करणारे कुशल कामगार मागणी थांबली की पांगतात, आणि पुढच्या पाणबुडीच्या वेळी ते आयात करता येत नाहीत.