पहिलीचा प्रवेश: मराठी, सेमी की इंग्रजी?

आपल्या नाशकात गंगापूर रोड असो की सिडको, मूल तीन वर्षांचं झालं की घरोघरी माध्यमाचा वाद पेटतो. माझं मत आधीच सांगते: घरात मराठी बोलली जाते आणि इंग्रजीतून अभ्यास घेणारं कुणी नाही, तर सेमी, म्हणजे गणित-विज्ञान तेवढं इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून, बरं.

आधी मेंदूचं. दोन भाषांनी मूल गोंधळतं, ही भीती जुनी. १९६२ साली कॅनडात मॉन्ट्रियलला पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी तपासलेली फ्रेंच-इंग्रजी बोलणारी मुलं बुद्धिचाचण्यांत उलट सरस ठरली. मग दुसरं टोक आलं, दोन भाषा म्हणजे जास्त हुशारी. २०१९मध्ये अमेरिकेतल्या ९-१० वर्षांच्या सुमारे साडेचार हजार मुलांच्या अभ्यासात लक्ष आवरण्याच्या चाचण्यांत तसा फायदा काही दिसला नाही. तेव्हा 'ब्रेन डेव्हलपमेंट'चा फलक बघून जादा फी भरू नका.

खरा फरक वाचनात पडतो. मराठीत क एकदा आला की कमळ, टाकी, नाक, सगळीकडे तोच. चहा आणि चमचा यांतला च वेगळा, पण शब्द कानावरून गेलेले असतात, म्हणून मूल सावरतं. रफार आणि जोडाक्षरं मात्र वेळ खातात. इंग्रजीत 'सी' कॅटमध्ये क, सिटीत स. इंग्रजी घरातल्या मुलांनाही वाचनाचा पाया पक्का व्हायला बहुतेक युरोपीय भाषांतल्या मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो. आपल्याकडे शब्दच ऐकलेला नसला की पोर स्पेलिंग घोकतं आणि आपण म्हणतो, वाचायला लागलं!

मराठी माध्यमात वाचन लवकर बसतं, पण अकरावी सायन्सला इंग्रजी परिभाषा एकदम अंगावर येते. सेमीत गणित-विज्ञान इंग्रजीतून होतं, म्हणून तो धक्का कमी. अट एकच: शिकवणाऱ्या बाईंना इंग्रजी सहज येत असावं. नाहीतर 'डिनॉमिनेटर' पाठ आणि छेद म्हणजे काय, ते कळलेलंच नाही. प्रवेशाआधी एखाद्या तासाला बसू देतात का, विचारा.

इंग्रजी माध्यम घेतलंत तर मराठी वाचनाची जबाबदारी तुमची. २०२०च्या कायद्याने मराठी विषय सक्तीचा झाला, पण एका तासिकेवर वाचनाची गोडी लागत नाही. सार्वजनिक वाचनालय १८४०पासून आपल्या गावात आहे, तिथून पुस्तकं आणा, रोज मोठ्याने वाचा. आणि शाळेत फाडफाड बोलतो म्हणून निर्धास्त राहू नका. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मते नव्या भाषेत गप्पा दोनेक वर्षांत जमतात, अभ्यासाच्या भाषेला पाच-सात वर्षं लागतात.

घरात मोडकंतोडकं इंग्रजी मात्र सुरू करू नका. 'आई, होमवर्क कम्प्लीट झालं' अशी सरमिसळ चालते, त्यात बिघाड नाही. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, तर दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजा. तरी कमीच वाटले, तर एक भाषा बंद करण्याऐवजी आधी कान तपासून घ्या आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा.