पिंजऱ्याखालची सफाई: फळी, खराटा, ट्रे की प्रेशर वॉशर? कोकणातल्या ससेपालकांसाठी

सशांच्या पिंजऱ्याखालची घाण काढायला कोणतं साधन घ्यावं, असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो. खाली जमीन कसली आहे? आणि पिंजऱ्याचा तळ जमिनीपासून किती वर आहे? या दोन उत्तरांवर निम्मी निवड होऊन जाते. उरलेली निम्मी आपला पाऊस, खारा वारा आणि विजेचा भरवसा ठरवतात. घाटावरच्या ससेपालकाने सुचवलेलं साधन गुहागरला किंवा देवगडला तसंच्या तसं चालेल असं धरून चालू नका. हवा कोरडी असली की लेंड्या वाळतात आणि कशानेही उचलता येतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्या वाळतच नाहीत.

पिंजऱ्याखाली पडतात त्या दोन अगदी वेगळ्या वस्तू. लेंडी गोल, घट्ट, सुटी असते. मोठा ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या सहज टाकतो, पण त्यांचा फारसा त्रास नसतो. खरा त्रास मुताचा. अंगात जास्त झालेलं कॅल्शियम ससा मुतावाटे टाकतो, म्हणून ते गढूळ असतं आणि वाळलं की पांढरी, खडूसारखी खपली धरते. लेंडी आणि मूत एकत्र भिजून राहिली की अमोनिया सुटतो. सशाचं नाक नाजूक. अमोनियाने श्वासनलिका सोलवटली की नाक गळणं, शिंका, पुढे पाश्चुरेला जंतूमुळे होणारे आजार यांना वाट मिळते. आपल्याला उभ्याने वास येत नाही म्हणून शेड स्वच्छ आहे असं समजू नका. पिंजऱ्याच्या उंचीला नाक नेऊन पाहा, ससा त्याच हवेत चोवीस तास असतो.

म्हणून साधन निवडताना माझी कसोटी एकच: लेंडी कोरडी असतानाच, मुतापासून वेगळी, ते किती लवकर उचलतं. पाण्याची पाळी सगळ्यात शेवटी.

खोरं, बेलचा आणि फळीचा ओढणा

बागेत असतं म्हणून बहुतेक जण खोरं घेतात. माती ओढायला उत्तम, पण त्याला हात उचलून घाव घालावा लागतो आणि अडीच-तीन फूट उंच पिंजऱ्याखाली तेवढी जागाच नसते. दांडा आखूड असल्याने कंबरेत वाकावं लागतं, पातं जाळीला लागलं की ससे दचकून उड्या मारतात. व्यायला टेकलेली मादी असेल तर हा धक्का अजिबात परवडणारा नाही. बेलच्याचं उलट. तो पुढे ढकलायचा असतो, त्यामुळे कोब्यावर चांगला सरकतो. जांभ्याच्या खडबडीत जमिनीवर मात्र दर वितीला अडतो आणि लेंड्या पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसतात.

फळीचा ओढणा या दोघांपेक्षा कितीतरी सरस आहे आणि दुकानात मिळत नाही म्हणूनच लोकांना सुचत नाही. दीड फुटाची सागाची किंवा आकेशियाची फळी, खालची कड थोडी तासलेली, मध्यभागी पाच-सहा फुटांचा बांबू पक्का बसवलेला. खळ्यावर भात गोळा करायला किंवा मिठागरात मीठ ओढायला वापरतात, त्याच जातीचं हे साधन. गावातला सुतार सहज करून देतो. उभ्याने पिंजऱ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचतं, एका ओढीत दीड फूट रुंदीच्या लेंड्या पुढे आणतं, आवाज करत नाही. लोखंड नाही म्हणून गंज नाही. किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको. ओल्या चिकट थरावर मात्र फळी वरून घसरते, तिथे लोखंडी पात्याचा खरवडा लागतो.

फळीच्या जागी रबरी वायपर चालेल का? गुळगुळीत कोब्यावर किंवा फरशीवर मूत ओढायला वायपरसारखं दुसरं काही नाही. लेंड्यांच्या ढिगाला मात्र रबर वाकतं आणि निम्म्या मागे राहतात. आधी फळी, मग वायपर, असा क्रम ठेवा.

खराटा आणि दाताळं

हिरांचा खराटा प्रत्येक घरात आहे. माडाची झावळी सोलली की नवा तयार. चिऱ्याच्या सांध्यांत अडकलेल्या लेंड्या काढायला खराट्याइतकं चांगलं काहीच नाही, पण मुख्य साधन म्हणून मी तो सुचवणार नाही. उन्हाळ्यात खराट्याने सशाचे केस आणि वाळलेल्या मुताची भुकटी उडते, ती तुमच्या आणि सशांच्या नाकात जाते. पावसात तो ओला थर नुसता पसरवतो. कोरड्या दिवसांत तोंडाला फडकं बांधून हलक्या हाताने, शेवटचा हात म्हणून वापरा.

दाताळ्याबद्दल बरेच जण चुकीची अपेक्षा धरतात. पातेरा गोळा करायला आणलेलं दाताळं लेंड्या गोळा करत नाही, त्या दातांमधून निसटतात. पण पिंजऱ्याखाली तूस, काथ्याचा भुसा किंवा वाळला पातेरा अंथरण्याची पद्धत असेल तर दाताळ्याशिवाय काम होत नाही. थर उकरला की आत हवा जाते, ओल खाली बसून कुजत नाही, केसांचे आणि गवताचे गुंते दातांत येतात. मातीची किंवा जांभ्याची जमीन असलेल्यांना मी हीच पद्धत सुचवतो. काथ्याचा भुसा मूत धरून ठेवतो आणि आपल्याकडे माडाच्या मागे तो मिळतोच. चार-पाच बोटं जाड थर घाला, दर दोन-तीन दिवसांनी दाताळ्याने परता, भिजला की सगळाच उचलून नवा घाला.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. वास आला की ताज्या ओल्या घाणीवर चुना मारायची सवय आपल्याकडे आहे. चुन्याने अल्कता वाढते आणि अमोनिया कमी व्हायच्या ऐवजी भराभर बाहेर पडतो. चुना रिकाम्या, धुऊन वाळलेल्या जमिनीसाठी ठेवा.

ट्रे की उतरता कागद

पडवीत किंवा मांगरात एकावर एक पिंजरे असतील तर वरच्या मजल्याची घाण खालच्या सशावर पडणार नाही, एवढं आधी बघावं लागतं. इथे दोनच मार्ग आहेत.

ट्रेमध्ये प्लास्टिकचाच घ्या. जस्ताच्या पत्र्याचा ट्रे दिसायला मजबूत असतो, पण मूत आणि खारी हवा मिळून त्याला कडेपासून खातात. प्लास्टिकच्या ट्रेला सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे रंगारी वापरतात ती पुट्टीची पट्टी. चार इंची पट्टीने कोपरे स्वच्छ निघतात, फक्त प्लास्टिकवर चरे पडू नयेत म्हणून पातं आडवं धरा. पांढरी खपली पट्टीने खरवडत बसू नका. साधं व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवा, खपली सुटते, कारण ती मुळात चुन्याच्याच जातीची आहे. ट्रेचा तोटा म्हणजे तो रोज, निदान एक दिवसाआड, रिकामा करावाच लागतो. सात माद्या आणि तीन नरांच्या युनिटला हे जमतं. पन्नास पिंजरे झाले की अर्धी सकाळ ट्रे ओढण्यातच जाते.

दुसरा मार्ग म्हणजे पिंजऱ्याखाली ताणून बांधलेला जाड प्लास्टिकचा कागद किंवा जुना फ्लेक्स, मागच्या बाजूला उतार, खाली पन्हळ. मूत वाहून बादलीत जातं, कोरड्या लेंड्या घरंगळतात. उन्हाळ्यात ही रचना फार छान चालते. पावसाळ्यात लेंड्या कागदाला चिकटतात आणि मग लांब दांड्याच्या मऊ ब्रशने रोज एक हात मारावा लागतो. उतार कमी ठेवलात तर मूत मधेच साचतं, त्यामुळे उताराच्या बाबतीत कंजुषी नको. बादलीतलं मूत माडाच्या आळ्यात जाऊ शकतं, मात्र निदान दहापट पाणी घालून. तसंच ओतलं तर मुळं करपतात.

पाण्याचा पाइप आणि प्रेशर वॉशर

प्रेशर वॉशरचे व्हिडिओ पाहून अनेक जण सुरुवातच तिथून करतात. त्याचं काम आहे, नाही असं नाही. जाळीत गुंतलेले केस आणि वाळलेली घाण काही मिनिटांत निघते, आणि साध्या पाइपपेक्षा पाणीही कमी लागतं. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात आणि वाडीत टँकर येतो, तेव्हा ही बचत छोटी नाही. पण ससे आत असताना तो चालवू नये. आवाजाने ते घाबरतात, घाणीचे तुषार हवेत उडतात, आणि शेडमधली ओल वाढते. जांभ्याच्या छिद्रांत तर घाण दाबून बसते आणि वास महिनाभर जात नाही. शिवाय विजेचं काय? ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती. रोजची सफाई मोटरवर सोपवली तर अशा वेळी हात बांधले जातात. एका प्रेशर वॉशरच्या पैशात फळी, खरवडा, वायपर, घमेली, गमबूट सगळं येऊन पैसे उरतात. रिकामा पिंजरा बाहेर काढून उन्हात धुण्यासाठी तो शेजाऱ्याकडून मागून आणलात तरी पुरे.

केस जाळायला गॅसची फ्लेम गन वापरतात. ती जलद आहे आणि जंतूही मारते. पण ज्योत एका जागी धरून ठेवली तर जाळीवरचा जस्ताचा लेप जातो आणि मग तीच जागा सगळ्यात आधी गंजते. झावळ्यांचं छप्पर असेल तर तिचा विचारच सोडा. धुताना ब्लीच वापरणार असाल तर आधी मूत पूर्ण धुऊन काढा. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की छातीला घातक वायू तयार होतो. व्हिनेगर आणि ब्लीचही कधीच एका वेळी नको.

लांब दांडा कशासाठी

दांडा लांबच हवा, असं मी सांगतो ते फक्त कंबरेसाठी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याच्या फटीत, पत्र्याखाली, गोणपाटाखाली फुरसं असतं. सांडलेल्या खाद्याला उंदीर येतात, उंदरांमागे साप. पिंजऱ्याखाली हात घालून सुपलीने लेंड्या गोळा करणं म्हणूनच मला मान्य नाही. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजारही पसरतो आणि सिंधुदुर्गाने त्याची साथ पाहिलेली आहे. पावसात गमबूट आणि रबरी हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर दुसऱ्या कुणाला सांगा. अशा कामानंतर अंगदुखी आणि ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हे काम करता म्हणून आवर्जून सांगा.

तुम्ही काय घ्यावं

दोन-चार ससे पडवीत आहेत: प्लास्टिकचे ट्रे, पुट्टीची पट्टी, व्हिनेगर. बाकी काही नको.

दहा-वीस पिंजरे, खाली माती किंवा जांभा: काथ्याच्या भुशाचा थर, दाताळं, घमेलं. भिजलेला थर बाहेर ओढायला फळी.

तेवढेच पिंजरे, खाली कोबा: फळीचा ओढणा, लोखंडी खरवडा, वायपर. कोबा नव्याने घालत असाल तर गटाराकडे उतार आत्ताच काढून घ्या, नंतर कोणतंही साधन ती उणीव भरून काढत नाही.

त्याहून मोठी शेड: उतरता कागद आणि पन्हळ, जोडीला हातगाडी. घमेल्याने वाहून माणूस दमतो आणि मग सफाई एक दिवसाआडची चार दिवसांवर जाते. उष्ण दमट हवेत माशीची पिढी साधारण आठ-दहा दिवसांत तयार होते, तेवढी सूट तिला मिळता कामा नये.

आणि साधन घेण्याआधी पाण्याचे निपल, म्हणजे ससे पाणी पितात त्या छोट्या तोट्या, तपासा. गळणारा एक निपल खालचा सगळा थर ओला करतो आणि तिथे फळी चालत नाही, खराटा चालत नाही, भुसाही पुरत नाही.

काढलेल्या लेंड्या उघड्यावर टाकू नका. पहिल्याच मुसळधार पावसात त्यातलं नत्र वाहून जातं. पत्र्याखाली किंवा झापाखाली ढीग करा, मुताने भिजलेला भुसा त्यातच मिसळा. हिवाळा-उन्हाळ्यात साठलेलं हे खत जूनच्या सुरुवातीला हापूसच्या कलमांना चर काढून घालता येतं, आणि गांडूळखताच्या वाफ्यालाही चांगलं, फक्त आधी थोडे दिवस थंड होऊ द्या.

लोखंडी खरवडा वापरून झाला की धुऊन, पुसून, खोबरेलाचा किंवा जुन्या इंजिन ऑइलचा हात मारून टांगून ठेवा. भिंतीला टेकून ओल्या जमिनीवर ठेवलेलं पातं एका पावसाळ्यात चाळणी होतं.