२३ कॅरटचा ट्रान्सफर वर्ख: गोव्याच्या दमट हवेत

सुलेखनातल्या अक्षरांवर सोनं चढवण्यासाठीचा हा वर्ख. २५ पानांची पुस्तिका, प्रत्येक पान ८० बाय ८० मिमी. वर्ख टिश्यूवर दाबलेला असल्याने पंखा बंद करावा लागत नाही आणि कात्रीने हवा तेवढाच तुकडा कापता येतो. सपाट अक्षरांसाठी उत्तम. गम अमोनियाकचे (झाडाच्या चिकाचा डिंक) दोन हात द्या, वाळू द्या, डिंक ओलसर चिकट व्हावा म्हणून कागदी नळीतून दोन-तीन दीर्घ श्वास सोडा आणि लगेच वर्ख दाबा.

उठावाच्या अक्षरांना वर्खाखाली जेसोचा जाड थर लागतो: विझवलेलं प्लास्टर, सरस, साखर, थोडा आर्मेनियन बोल (तांबूस माती). खरी अडचण इथेच येते. साखर हवेतली ओल ओढते, त्यामुळे जुलैत जेसो मऊच राहतो आणि चकाकी आणायला अकीक दगडाची घोटणी फिरवली की सोनं चकाकण्याऐवजी फाटतं. पावसाळ्यात साखर कमी घाला, श्वास एकच पुरे. घोटण्याआधी अक्षरांचं पान ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा. आधी ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागदावरून घोटा, मग थेट. झळाळीसाठी दुसरा थर मात्र सुट्या (टिश्यूवर न दाबलेल्या) वर्खाचाच घ्या. ट्रान्सफर तिथे कमी पडतो.

स्वस्त पितळी वर्ख मुळीच घेऊ नका. त्यातलं तांबं किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत काळवंडतं.